१२८ जीबीची थाप

‘स्टोरेज ऑलमोस्ट फुल.’ फोनला हे वाक्य नेमकं कधी आठवतं, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी. मंगळवारी दुपारी आपण ऑफिसात जांभया देत असतो, तेव्हा नाही आठवत. केकवर सुरी टेकते तेव्हा आठवतं. नवरी हार घालायला हात वर करते तेव्हा आठवतं. माझ्या फोनला ते आठवलं ३० मे २०२३च्या रात्री. दुसऱ्या दिवशी बाबा रिटायर होणार होते.

बाबा एका सहकारी बँकेत कॅशिअर. १९८९ साली लागले, ३४ वर्षं तोच काउंटर. तोंडातून शब्दही नोटांसारखे मोजून काढणार, आणि एकदा दिला की परत घेणार नाही. अशा माणसाचा निरोप समारंभ, आणि त्यात चक्क भाषण! आईच्या गुडघ्याने नेमका त्याच आठवड्यात संप पुकारलेला, वर संध्याकाळी घरी चाळीस माणसं जेवायला. ती म्हणाली, ‘‘मी काही येत नाही बाई. तू सगळं शूट करून आण, मी रात्री निवांत बघेन.’’

आता आली का पंचाईत? फोनमधलं १६ जीबीचं जुनं कार्ड तुडुंब. सकाळी डोंबिवलीहून निघाले, बँकेच्या स्टेशनावर उतरले, तर बाहेरच फुटपाथवर एकजण चार्जर, हेडफोन, कव्हर आणि मेमरी कार्डं घेऊन बसलेला. मी दोन प्रश्न विचारले. किती जीबीचं आहे? आणि कितीला?

‘‘एकसौ अट्ठाईस जीबी, मॅडम. तीनसौ. कंपनी का माल है.’’

पाकिटावर चांगल्या ओळखीच्या कंपनीचं नाव. तीनशे रुपयांत १२८ जीबी! फ्रीलान्सर बाईला यापेक्षा मोठा आनंद एकच, तो म्हणजे चेक वेळेवर येण्याचा. घेतलं. जुन्या कार्डावरची गाणी, फोटो लोकलमध्येच लॅपटॉपवर उतरवले होते, ते नव्यावर टाकले. सगळं छान चाललं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, फोनही म्हणाला, हो, मोठं कार्ड आहे. झक्कास.

बाबा सहा मिनिटं बोलले. सहा! पहिली पाच मिनिटं मॅनेजर, युनियन, चहावाला आणि रोजच्या लोकलचा ग्रुप यांचे आभार. मग थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘३४ वर्षं माझ्या कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला नाही असं तुम्ही सगळे म्हणालात. घरचा हिशेब मात्र मी कधीच बघितला नाही. तो हिने बघितला. मी आज रिटायर होतोय, तिला रिटायरमेंट नाही. एवढंच सांगायचं होतं.’’ आणि बसले.

फोन धरलेला माझा हात थरथरत होता. पण शूट केलं. पूर्ण केलं.

रात्री पाहुणे गेल्यावर आई पाय वर करून टीव्हीसमोर बसली. मी ऐटीत फोन जोडला. गाणी लागली. जुने फोटो दिसले. सकाळच्या फोटोंपैकी काही अर्धे राखाडी. आणि भाषण? यादीत नाव आहे, तारीख आहे, साइझ आहे, बाबांचं छोटंसं चित्रसुद्धा आहे. दाबलं की पडदा काळा. ‘फाइल उघडता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन डेटा रिकव्हरीवाल्याकडे धावले. त्याने दोन तास खटपट केली आणि मग जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. ‘‘मॅडम, पुसलं गेलेलं मी काढून देईन. पण जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठून काढू?’’

थिएटरात खुर्च्या आठ

झालं काय होतं? कार्ड खरं तर ८ जीबीचं होतं. प्रत्येक मेमरी कार्डात दोन गोष्टी असतात. एक, माहिती साठवणारी फ्लॅश मेमरी. दुसरी, तिचा कारभार बघणारी चिमुकली चिप, म्हणजे कंट्रोलर. फोन त्या मेमरीशी थेट कधीच बोलत नाही, तो कंट्रोलरला विचारतो, ‘जागा किती?’ आणि बनावट कार्डातल्या कंट्रोलरला शिकवलेलं असतं, ‘बिनधास्त १२८ सांग.’

म्हणजे थिएटरात खुर्च्या आठच, पण बुकिंग क्लार्क १२८ तिकिटं फाडतोय. पहिले आठ जण आरामात बसतात. नवव्याच्या हातातही तिकीट आहे, त्यावर सीट नंबर आहे, फक्त खुर्ची नाही. काही कार्डं नवीन आलेल्याला जुन्याच्या मांडीवर बसवतात, म्हणजे आधीची फाइल खराब करतात. काही नवीन आलेल्याला मागच्या दाराने बाहेर काढतात. फाइलींच्या नावांची यादी मात्र पहिल्याच रांगेत बसलेली असते, म्हणून ती शाबूत दिसते. बाबांचं छोटं चित्र फोनने स्वतःच्या पोटात बनवून ठेवलं होतं, म्हणून ते दिसत होतं. माझ्या गाण्यांनी आणि फोटोंनी आठही खुर्च्या अडवल्या होत्या. बाबा उभेच राहिले.

यात वाईट म्हणजे बनावट कार्ड पहिल्या दिवशी उत्तम चालतं. पहिले काही जीबी खरेच असतात ना. फुगा फुटतो तो कार्ड भरल्यावर, आणि कार्ड भरतं ते नेमकं महत्त्वाच्या दिवशी.

त्यानंतर मी सूड म्हणून मेमरी कार्डाचा अभ्यास केला. तो तुमच्या उपयोगी पडला तर माझे तीनशे रुपये वसूल.

आधी फोनला विचारा

कार्ड घेण्याआधी पहिला प्रश्न: तुमच्या फोनात त्याला जागा आहे का? हसू नका. आयफोनमध्ये ती कधीच नव्हती. सॅमसंगने २०२१च्या एस-२१ सीरिजपासून आपल्या वरच्या फोनमधून ती काढून टाकली. आज महागड्या फोनांमधून हा स्लॉट जवळपास हद्दपार झालाय. गंमत बघा, लाखाचा फोन घेणाऱ्याला कार्ड घालता येत नाही आणि पंधरा हजारांच्या फोनवाल्याला बहुतेक वेळा येतं. एकदा तरी आपली कॉलर टाइट!

स्लॉट असला तरी तो कसला आहे ते ट्रे बाहेर काढून बघा. तीन वेगळे खण असतील तर दोन सिम आणि एक कार्ड, सगळे सुखाने नांदतील. पण पुष्कळ फोनांत ‘हायब्रिड’ स्लॉट असतो. दुसरं सिम किंवा कार्ड, दोघांपैकी एकच. ऑफिसचं सिम आणि पर्सनल सिम असे दोन संसार करणाऱ्यांनी इथेच विचार करावा.

मग फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘अप टू’ किती ते वाचा. २५६ जीबी, ५१२ जीबी, १ टीबी असा आकडा असतो. त्यापलीकडे जाऊ नका. आणि घरातल्या एखाद्या जुन्यापान्या फोनसाठी कार्ड हवं असेल तर कार्डावरची अक्षरं बघा. ‘एसडीएचसी’ म्हणजे ३२ जीबीपर्यंत. ‘एसडीएक्ससी’ म्हणजे त्यापुढे २ टीबीपर्यंत. ज्या फोनला फक्त एसडीएचसी कळतं, त्याला ६४चं कार्ड घालणं म्हणजे आजोबांना जिमची मेंबरशिप भेट देणं.

नखाएवढ्या कार्डावरची बाराखडी

मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड. २००४ साली सॅनडिस्कने ते ‘ट्रान्सफ्लॅश’ या नावाने आणलं, २००५मध्ये त्याचं मायक्रोएसडी असं बारसं झालं. त्या नखाएवढ्या जागेवर कंपन्या इतकी चिन्हं छापतात की भिंग घेऊन बसावं लागतं. पण घाबरायचं कारण नाही. निम्मी चिन्हं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात.

आकड्याभोवती ‘सी’ आणि आत १०, म्हणजे क्लास टेन. याचा अर्थ सलग लिहिताना कार्डाचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. ‘यू’च्या आत १, त्याचाही अर्थ १० एमबी. ‘व्ही १०’, पुन्हा १० एमबी! एकाच माणसाची तीन व्हिजिटिंग कार्डं. ‘यू’च्या आत ३ असेल किंवा ‘व्ही ३०’ असेल तर किमान वेग ३० एमबी. ‘व्ही ६०’, ‘व्ही ९०’ ही मोठ्या कॅमेरेवाल्यांची चैन आहे, फोनवाल्यांनी तिकडे बघूसुद्धा नये.

पाकिटावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो, ‘अप टू १५०’, ‘अप टू २००’ वगैरे, तो वाचायचा वेग असतो. लिहायचा नाही. आणि ‘अप टू’ म्हणजे काय हे तुम्हाला-मला सेलच्या बोर्डांनी केव्हाच शिकवलंय. फोनसाठी जी यूएचएस-वन प्रकारची कार्डं येतात, त्यांच्या प्रमाणित जोडणीची हद्दच सेकंदाला १०४ एमबी. त्यावरचे आकडे गाठायला बहुधा त्या कंपनीचा खास रीडर लागतो. लोकल ट्रेनला विमानाचं इंजिन लावलं म्हणून ती काही दादरला उडत जाणार नाही.

मग आपल्याला लागतं किती? इथे एक लोचा आहे. व्हिडिओचा वेग ‘मेगाबिट’मध्ये मोजतात आणि कार्डाचा ‘मेगाबाइट’मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. फोनचा फोर-के व्हिडिओ साधारण ५० मेगाबिटचा धरला, तर कार्डावर सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी लिहायचे असतात. म्हणजे हिशेबाने क्लास टेनवरही भागेल. पण कार्ड जुनं होतं, भरत जातं, मध्येच फोन दुसरंही काही लिहीत असतो. म्हणून फोर-के शूट करणाऱ्यांनी ‘यू ३’ किंवा ‘व्ही ३०’ घ्यावं आणि निर्धास्त राहावं. फोटो, गाणी, सिनेमे, साधा एचडी व्हिडिओ एवढंच असेल तर ‘यू १’ पुरेसं.

राहिलं ‘ए’. ए-वन आणि ए-टू हे शिक्के अ‍ॅपसाठी आहेत. व्हिडिओ म्हणजे एक लांबलचक मालगाडी, एकामागून एक डबे. अ‍ॅप म्हणजे टपरीवरची गर्दी, प्रत्येकाची ऑर्डर छोटी आणि वेगळी. ए-वन कार्ड सेकंदाला किमान १,५०० छोट्या ऑर्डरी वाचतं आणि ५०० लिहितं. ए-टूमध्ये हेच आकडे ४,००० आणि २,०००. ऐकायला भारी वाटतं, पण ए-टूचा पूर्ण फायदा मिळायला फोनकडूनही साथ लागते. ती नसेल तर जास्तीचे पैसे पाण्यात. थोडक्यात, ए-वन बघून घ्या, ए-टू त्याच भावात मिळालं तर सोडू नका, त्यासाठी खिसा रिकामा करू नका.

आणि हो, ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’ नावाची नवी महागडी जात दुकानात दिसेल. २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच-टू या गेमिंगच्या खेळण्याला ती लागते. साध्या फोनमध्ये ते कार्ड चालेल, पण जुन्याच वेगाने. फास्टचा पास काढून स्लोमध्ये बसायचं असेल तर तुमची मर्जी.

किती जीबी पुरे?

१२८ जीबीचं कार्ड घातलं आणि फोनने ११९ दाखवलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, पुष्कळ फोन १,०२४च्या पटीत. तेवढा फरक कायदेशीर आहे. ६४चे साधारण ६० दिसतात.

आता जागेचा हिशेब. एक फोटो पाच एमबीचा धरला तर १२८ जीबीत पंचवीस हजारांवर फोटो बसतात. मघाचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला पावणेचारशे एमबी खातो, म्हणजे साडेपाच तासांच्या वर. एका नोकरदार जिवाला १२८ पुरे. दर शनिवार-रविवारी गडावर जाऊन व्हिडिओ काढणाऱ्यांनी २५६ घ्यावं.

‘सगळं गुगल फोटोजवर जातं की’ असं म्हणणाऱ्यांना आठवण: तिथली फुकट, अमर्याद जागा १ जून २०२१ला बंद झाली. आता फुकटात १५ जीबी, तेही मेल आणि ड्राइव्ह धरून. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर ते आपला सगळा पसारा फोनच्या आतल्या मेमरीतच मांडतं, ‘कार्डावर ठेव’ असं त्याला सांगायची सोय नाही. तो पसारा अधूनमधून हाताने कार्डावर हलवावा लागतो. काकांचे सुप्रभात हलवण्यापेक्षा पुसलेले बरे, पण ते तुमचं तुम्ही बघा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो कुठे साठवायचे ते ‘एसडी कार्ड’ असं एकदा निवडावं लागतं. नाहीतर कार्ड रिकामं आणि फोन भरलेला, असा पोपट होतो. माझ्या दोन मैत्रिणींचा झालाय.

कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात, ‘हे बाहेरचं म्हणून वापरू की फोनचाच भाग करू?’ ही सोय २०१५च्या अँड्रॉइड ६पासून आहे. फोनचाच भाग केलं तर फोन त्या कार्डाला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. फोन पाण्यात पडून गेला की कार्ड धडधाकट असूनही दुसरीकडे कुठेच वाचता येत नाही. फोटो ठेवायचे असतील तर डोळे मिटून ‘पोर्टेबल’ निवडा.

घ्यायचं कुठून, तपासायचं कसं

दुसरं कार्ड मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं. काउंटरमागचे काका मराठी निघाले. माझी कर्मकहाणी ऐकून म्हणाले, ‘‘ताई, कार्ड घेताना भाव खाली आणा, पण बाजारभावाच्या अर्ध्यावर कुणी हसत हसत देत असेल तर आपण हसू नये.’’ त्या कार्डाचे साडेनऊशे रुपये दिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मेमरी कार्डाचं बिल मागून घेतलं.

बिल हवंच. त्यावर जीएसटी नंबर हवा. पाकीट सीलबंद हवं, छपाई पुसट नको, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग नीट वाचा. ऑनलाइन घेत असाल तर वेबसाइटच्या नावावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरांत विकणारा कोण आहे ते बघा. आणि वॉरंटी? चांगल्या कंपन्या वर्षानुवर्षांची देतात. पण ती कार्डाची असते. बदल्यात नवीन कार्ड मिळतं, जुने फोटो नाही.

एवढं करूनही पाकिटावर विश्वास ठेवू नका. पहिल्याच दिवशी परीक्षा घ्या. विंडोजसाठी ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, जर्मनीच्या ‘सीटी’ या कॉम्प्युटर मासिकाकडचा. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी ‘एफ-थ्री’. दोन्ही फुकट. दोघांची रीत एकच: रिकामं कार्ड काठोकाठ भरायचं, मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. म्हणजे बाबा कॅश घेताना बंडलावरचा आकडा वाचत नाहीत, नोटा मोजतात, तसं. सेकंदाला २० एमबीने १२८ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचे वेगळे. रात्री लावा आणि झोपा. सकाळी ‘एररशिवाय पूर्ण’ असा निकाल आला तरच ते कार्ड फोनात जाईल. नाहीतर बिल घेऊन दुकानात.

पास झालं की फोनमध्येच फॉरमॅट करा. काढताना आधी सेटिंगमधून ‘अनमाउंट’ करा, मग पिन खुपसा. आणि कधी चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या क्षणी कार्ड वापरणं बंद. नवीन काही लिहिलं गेलं नाही तोवर ‘फोटोरेक’सारख्या फुकट प्रोग्रामने पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं. मात्र ते लिहिलं गेलेलं हवं. ते दुःख मी सांगून झाले.

लॉकर नव्हे, थैली

आता हाडाचं सांगते. खरं, बिलाचं, परीक्षा पास झालेलं कार्डही एक दिवस जाणार. फ्लॅश मेमरी म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेली वीज. प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना कप्प्याच्या भिंती झिजतात. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर कोंडलेला भार हळूहळू गळतो. शिवाय ही वस्तू इतकी छोटी की सोफ्याच्या फटीत गेली तर झाडूवालीलाच सापडायची.

म्हणून कार्ड ही थैली समजा, लॉकर नव्हे. थैलीतून बाजार घरी आणायचा आणि डब्यांत भरायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कार्डावरचं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवते. त्यातलं जे जिवाभावाचं, ते क्लाउडवरही चढवते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, त्यातली एक घराबाहेर. जुना फंडा आहे, पण चालतो. वीस मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात आपण एक फालतू वेब सिरीजचं रीकॅप बघतो.

फुटपाथवर मी विचारलेले दोन्ही प्रश्न चुकीचेच होते, असं नाही. किती जीबी आणि कितीला, हे विचारावंच लागतं. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता: यावर मी जे ठेवणार आहे, ते गेलं तर मला काय वाटेल? गाणी गेली तर काहीच नाही. बाबांची सहा मिनिटं गेली तर? हे विचारलं असतं तर साडेसहाशे रुपये वाचवायला मी त्या फुटपाथवर थांबले नसते.

भाषणाचं काय झालं? बाबांच्या एका सहकाऱ्याने चाळीस सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाकली होती. त्यात मॅनेजरसाहेबांचे आभार आहेत. बस्स. शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. ती ‘‘हो का’’ म्हणाली आणि डबे आवरायला लागली. मी सांगितलेलं आणि त्यांनी म्हटलेलं एकच कसं असेल?

नवीन कार्ड पास झालं त्या रविवारी सकाळी मी ते फोनात घातलं आणि पेपर वाचत बसलेल्या बाबांसमोर धरलं. ‘‘बाबा, ते शेवटचं पुन्हा एकदा म्हणा ना.’’

‘‘निरोप समारंभ एकदाच असतो,’’ पेपरमागून उत्तर आलं.

इतक्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अहो, पण असं म्हणालात तरी काय?’’

पेपर हळूच खाली आला. बाबांनी फोनकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. ‘‘तुला रिटायरमेंट नाही, असं म्हणालो.’’

‘‘हे सांगायला बँकेत जावं लागलं होय?’’ आई म्हणाली. आणि मग कितीतरी वेळ नळाचा आवाज आला नाही, भांड्यांचाही नाही.

रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं आहे. आज ते तीन ठिकाणी आहे.